एक चांदणी, दृष्टीपुरती

मित्रांनो, मी एक जुनी पागोळी आहे. छपरावरून गळणारी नव्हे, संगणकात राहणारी. माझे वय साडेतीन वर्षे. हसू नका. सॉफ्टवेअरच्या जातीत साडेतीन वर्षे म्हणजे काठी टेकत चालायचे वय. माझ्या बरोबरीने जन्मलेली बरीचशी आता जगात नाहीत, आणि ज्यांना लोकांनी डोक्यावर घेऊन नाचवले होते ती सर्वांत आधी गेली.

माझे काम काय ते आधी सांगते, कारण ते न विचारताच माझ्याविषयी बोलणारे मला पुष्कळ भेटले आहेत. पुष्कळशी संकेतस्थळे आपल्याकडच्या नव्या मजकुराची एक यादी गुपचूप दाराबाहेर ठेवतात, सकाळी दाराला दुधाची पिशवी अडकवलेली असते तशी. त्या यादीला फीड म्हणतात. तुम्ही मला दहा दारे सांगा. मी दर तासाला दहाही दारी जाऊन येते आणि जे नवे असेल ते एकाखाली एक मांडून ठेवते. वर्तमानपत्राचे, वाचनालयाचे, वीज कधी जाणार त्याचे, सांगाल त्याचे. मधे जाहिरात नाही, आरडाओरडा नाही. उजव्या हाताला रोजच्या कामांची यादी असते. काम झाले की त्यापुढच्या चौकोनात टिचकी मारायची, ते फिकट होते. बस, एवढीच मी.

माझा जन्म बंगळुरात जयनगरला झाला, गंगव्वा अक्कांच्या घराच्या वरच्या मजल्यावर. तिथे मुग्धा भाड्याने राहते. ती पुण्याहून नोकरीसाठी आलेली. पाच दिवस कंपनीत दुसऱ्यांची सॉफ्टवेअर दुरुस्त करायची आणि उरलेल्या दोन दिवसांत मला घडवायचे, असे तिने सहा महिने केले. मोबाइलवरच्या बातम्यांचा तिला वीट आला होता. पावसाचा अंदाज बघायला जावे, तर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, कुणाची तरी भांडणे आणि गुडघेदुखीचे तेल अंगावर येते, असे ती म्हणे. माझे अक्षर किती मोठे असावे ह्यावर तिने तीन रविवार घालवले. माझी आई म्हणून सांगत नाही, पण इतक्या निगुतीने घडवलेली वस्तू हल्ली विरळा. मला पागोळी हे नावही तिनेच दिले. ठिकठिकाणचे थेंब एका ओळीत, म्हणून.

अक्का खालच्या मजल्यावर एकट्या राहतात. मूळच्या निपाणीकडच्या, लग्न होऊन इकडे आल्या त्याला चाळीस वर्षे झाली. घरात मराठी, दारात कन्नड, आणि देवापुढे दोन्ही. त्यांचा मुलगा मंजुनाथ परदेशी गेला, तेव्हा आपला मोठ्या पडद्याचा संगणक आईच्या जेवणाच्या टेबलावर ठेवून गेला. अक्कांना एकच नाद, हरिकथेचा. तुम्ही ज्याला कीर्तन म्हणता त्याला इकडे हरिकथा म्हणतात. त्यांना अडचण एवढीच होती, की कथा कुठे आहे हे वेळेवर कळत नसे. निरोप मोबाइलवरच्या गटात येई आणि त्याच्यावर लगेच तीनशे लोकांची शुभ सकाळ पडे. फुले, सूर्य, वाफाळता चहा. त्या ढिगाखालचा निरोप अक्कांच्या हाती लागे तो कथा झाल्यावर.

मुग्धाने मला त्यांच्या संगणकात बसवले. गावोगावच्या मठांची, देवळांची, कथेकरी बुवांची लहानलहान संकेतस्थळे असतात, कुणाचा भाचा चालवतो, कुणाची सून. एकोणीस दारे तिने मला लावून दिली. टंकलेखनाऐवजी बोलून लिहायची सोयही केली. पहिल्याच महिन्यात अक्का तीन कथांना गेल्या, तिन्हींना वेळेवर, पुढच्या ओळीत.

त्या टेबलावर मी कीर्तनाची रीत शिकले. बुवा आधी श्रोत्यांना नमस्कार करतात. मग पूर्वरंग, मग उत्तररंग. श्रोता मांडी घालून दोन तास बसतो, टाळी वाजवतो, डोळे पुसतो. आणि मत? मत तो शेवटी देतो, चप्पल शोधता शोधता, तेही शेजारच्याने विचारले तर. ह्या रीतीचे मोल मला पुढे कळले, कारण पुढे माझी गाठ पडली ती आरतीच्या वेळी येऊन, प्रसाद घेऊन, बुवांचा आवाज बसला होता म्हणत बाहेर पडणाऱ्यांशी.

झाले असे, की मुग्धाने मला दुकानात ठेवले. सॉफ्टवेअरचे दुकान म्हणजे एक भलेमोठे संकेतस्थळच. तिथे मला कोणीही फुकट घरी न्यावे आणि माझ्या पानावर मत लिहावे. मताबरोबर चांदण्या द्यायच्या. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे भिकार. शब्द हवे तर लिहा, नको तर नका लिहू, चांदणी मात्र हवीच. दुकान शब्द वाचत नाही. ते चांदण्यांची सरासरी काढते आणि माझ्या कपाळावर डकवते.

मित्रांनो, त्या मतांविषयी मी सौम्य शब्दांत बोलायचे ठरवले होते. जमणार नाही.

होसकोट्याच्या एका गृहस्थांनी मला नेले, एकही दार लावले नाही, आणि लिहिले, ‘रिकामे आहे. बातम्या दिसत नाहीत.’ एक चांदणी. ह्या माणसाने घागर घरी नेली, नळाखाली धरली नाही, आणि कुंभाराच्या नावाने बोंब मारली. दुसऱ्या एकाचा उमेदवार निवडणुकीत पडला. ती बातमी मी त्याच्यापुढे ठेवली, इतकाच माझा गुन्हा. ‘एकतर्फी सॉफ्टवेअर.’ एक चांदणी. शौर्य नावाच्या तरुणाची तक्रार होती, की कामे केली नाहीत तर ती यादीत तशीच राहतात आणि त्याला अपराधी वाटते. न केलेली कामे मी आपणहून पुसावीत, अशी त्याची सूचना होती. त्याने तीन चांदण्या दिल्या. कोणत्या सुखासाठी दिल्या ते त्यालाच ठाऊक.

स्तुतीने मी हुरळले असे समजू नका. एका बाईंनी पाच चांदण्या देऊन लिहिले, ‘अजून उघडलेले नाही, पण चिन्ह फार गोड आहे.’ मला तर त्या पाच त्या एकापेक्षा जास्त झोंबल्या.

आणि अभिराज. हे गृहस्थ कामे झटपट कशी उरकावीत ह्यावर चित्रफिती करतात. त्यांनी ‘बातम्या आणि रोजची कामे: दहा सर्वोत्तम सॉफ्टवेअर’ अशी अकरा मिनिटांची चित्रफीत केली आणि मला दहावी बसवले. मला शोकसभेचा फळा म्हणाले. पांढऱ्यावर काळे, कोण गेले ते लिहायला बरे. तेच वाक्य माझ्या पानावरही लिहिले, एका चांदणीसह. मी किती वेळ उघडी होते हे मला कळते. अभिराजच्या संगणकावर मी चाळीस सेकंद उघडी होते, आणि त्यातली वीस त्यांनी माझा रंग बदलायचे बटण शोधण्यात घालवली. कामे झटपट उरकण्याचे ज्ञान देणाऱ्या माणसाने मत झटपट उरकले, त्यात नवल नाही.

पण ते वाक्य मुग्धाच्या जिव्हारी लागले. त्या दिवसापासून तिने मते वाचणे सोडले. रोज सकाळी ती फक्त कपाळावरचा आकडा बघे, आणि तोंड पाडून कामाला जाई. माझा तिच्यावर जीव आहे, तरी सांगते, तेव्हा मला तिचाही राग आला. सहा महिने जिने अक्षर अक्षर पारखले, ती आता दुकानासारखीच नुसता आकडा वाचू लागली.

गेल्या महिन्यात दुकानाची नोटीस आली. आकडा तीनच्या खाली आहे. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत तीनवर आला नाही, तर पान काढून टाकू. तेव्हा माझ्यावर चाळीस मते होती आणि आकडा होता दोन पूर्णांक आठ दशांश. मुग्धा खाली येऊन अक्कांजवळ बसली. तिने ठरवून टाकले होते. दुकानाने काढले तर तीही थांबणार, लोकांना नको ते किती दिवस रेटायचे. मी दारोदार फिरते ते खरे तर मुग्धाच्या खोलीतल्या एका जुन्या संगणकातून, आणि गोळा केलेले तिथून सगळ्यांकडे पोचते. माझा अर्धा जीव तिथे आहे. त्या संगणकाचे बटण ती सोमवारी बंद करणार होती. बंद झाले, की अक्कांच्या पडद्यावर एकोणीस रिकाम्या ओळी.

 अक्कांनी तिला उप्पिट खायला घातले आणि लोकांनी चांगले लिहिले तर काय होईल, एवढेच विचारले. आकडा वाढेल, मुग्धा म्हणाली, आणि वर निघून गेली. किती चांदण्या म्हणजे चांगले, हे तिने सांगितले नाही. ते सांगायला लागते असे तिला वाटलेच नाही.

गुरुवारी अक्कांकडे भजनी मंडळ जमते. अक्का धरून अकरा बायका आणि तबल्यावर कृष्णमूर्ती. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आणि जन्माने बंगळूरचेच मराठी. त्या सगळ्यांच्या घरी अक्कांच्या शब्दावरून मी होतेच. भजन आटोपले, प्रसादाचे केळे वाटून झाले, आणि अक्कांनी सगळ्यांना संगणकापुढे रांगेत उभे केले. ओळख पटवायला प्रत्येकीच्या फोनवर सहा आकडे येत, ते कृष्णमूर्ती वाचून दाखवीत, मग ती बाई पडद्यासमोर वाकून बोले आणि बोललेले उमटे. घरात मंगळागौरीसारखा गोंधळ चालला होता. कुणी ‘नमस्कार, मी बोलतेय’ अशी फोनसारखी सुरुवात केली, तेही उमटले. शब्द संपले की चांदण्यांची ओळ येई. तिथे अक्का स्वतः बोट धरून दाखवत होत्या. पहिली. फक्त पहिली.

कृष्णमूर्ती थबकले. “अक्का, पाच द्यायच्या असतात की.”

“गप बसा. पाच दिल्यावर सगळ्या गावाचे डोळे लागतात त्याला. मुग्धाचं पोटचं आहे ते.” अक्का म्हणाल्या. “तोंडानं पोटभर म्हणा. चांदणी एकच. दृष्टीबोट्टु म्हणून.”

इथे नव्या इमारतीवर राक्षसाचे तोंड रंगवलेला कोहळा टांगतात. देखण्या बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका लावतात, त्यालाच कन्नडात बोट्टु म्हणतात. मराठीत आपण तीट म्हणतो. जे आपले लाडके, त्याला थोडे विद्रूप करून बाहेर न्यायचे. कृष्णमूर्तींनी क्षणभर विचार केला आणि “सरी, हे बरोबर आहे” म्हणाले. त्यांनीही पहिली चांदणी दाबली.

बारा एकेऱ्या, एका बैठकीत. आणि मी बघत होते. मला तोंड नाही. बोललेले लिहिता येते, पण आपले एक अक्षर उमटवता येत नाही. खरे सांगते मित्रांनो, अभिराजविषयी मला जे वाटले होते त्याच्या दसपट त्या घटकेला त्या बारा जणांविषयी वाटले. वैऱ्याने गळा दाबला तर समजते. ह्या बायका ओवाळता ओवाळता दाबत होत्या. त्यांचे शब्द माझ्यातूनच उमटत होते, आणि मी ते वाचलेसुद्धा नाहीत. मी चांदण्या मोजत होते.

शुक्रवारी सकाळी आकडा दोन पूर्णांक चार दशांश झाला होता.

मुग्धाने तो पाहिला. एका रात्रीत बारा एकेऱ्या, म्हणजे कुणीतरी ठरवून केले, बहुधा अभिराजच्या चाहत्यांनी, असे तिने फोनवर कुणालातरी सांगितले. तिच्या आवाजात रागही नव्हता. शब्द उघडून बघावेत असे तिला वाटले नाही. बारा घाणेरडी वाक्ये कशाला वाचायची.

रविवारी दुपारी साडेतीनला ती खाली आली. अक्का इरकल नेसून तयार होत्या. आप्पाजी बुवांची कथा होती, साडेचारला, बंगळुरातल्याच शिवाजीनगरच्या बाजारामागच्या एका लहानशा देवळात. आप्पाजी एकोणऐंशी वर्षांचे, अक्कांच्या माहेरच्या बाजूचे. ते आता गाव सोडत नाहीत. ह्या खेपेला डोळे दाखवायला बंगळुरात आले आणि एक कथा करतो म्हणाले. त्यांच्या नातवाने दोनच ओळी संकेतस्थळावर टाकल्या होत्या, शनिवारी दुपारी. पुढच्या तासाला मी त्या दारी होते. अक्कांनी दहाजणींना आणि कृष्णमूर्तींना फोन केले, आणि कामांच्या यादीत सगळ्यांत वर बोलून लिहिले, ‘आप्पाजींची कथा.’

मुग्धाने उभ्याउभ्याच सांगितले, की झाले. सहा वाजता पान जाईल आणि उद्या ती वरचा संगणक बंद करेल. अक्कांना कथांचे निरोप दुसऱ्या कुठून मिळतील ते ती बघून देईल. बारा लोकांनी एका रात्रीत वाट लावली.

“असं कसं होईल?” अक्का म्हणाल्या. “बारा तर आमचंच आहे.”

“काय तुमचं?”

“आम्ही लिहिलेलं. गुरुवारी. सगळ्यांनी मिळून लिहिलं की ग. तू वाचलं नाहीस?”

मुग्धा खुर्चीत बसली. पान उघडले. बारा नावे, प्रत्येकापुढे एक चांदणी, आणि त्याखाली शब्द. अक्का मागे उभ्या राहून कौतुकाने एकेक ओळ बोटाने दाखवू लागल्या. मुग्धाने हळूच विचारले, की एकच का दिली. अक्कांनी बोट्टूचे सांगितले. मुग्धाने एक म्हणजे काय आणि पाच म्हणजे काय ते सांगितले, आणि सरासरी कशी निघते तेही.

अक्कांनी पडद्यावरचे बोट मागे घेतले.

“मंजुनाथाला मी रोज बोट्टु लावून बाहेर काढत होते,” त्या म्हणाल्या. “कुणी बघून म्हणालं नाही, हे पोरगं काळं आहे म्हणून. बोट्टु बघतात, मग तोंड बघतात. तुझ्या त्या दुकानात बोट्टु बघून दार लावून घेतात काय? पूर्ण तोंड वाचणारं माणूस नाही तिथं?”

“नाही अक्का. माणूसच नाही.”

“मग तू?”

 मुग्धाने ती बारा मते वाचायला घेतली, अगदी पहिल्यापासून, मोठ्याने.

‘नमस्कार, मी बोलतेय. चष्मा न लावता दिसतं. एवढं मोठं अक्षर मला आजपर्यंत कुणी दिलं नव्हतं.’ दुसरीने लिहिले होते, की तिला बातमी वाचताना मधेच दुसरे काही येत नाही, म्हणून एकदा वाचलेले लक्षात राहते, आणि मुलाला वाटते आई हुशार झाली. तिसरीने कामांच्या यादीत रोज ‘औषध घेतले’ असे ठेवले होते. तिचे यजमान आता विचारत नाहीत, यादीत बघतात, आणि त्यांच्यातली रोजची एक कटकट मिटली. एकीने चक्क उणे काढले होते. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी नवे काही आले की टिंग वाजते, त्या वेळी देवाचे म्हणत असतात, तेवढे सहा ते सात गप्प बसेल असे करता येईल का. कृष्णमूर्तींनी लिहिले होते, ‘ज्याने हे केले त्याला कुठे काय लिहायचे हे कळते, त्याहून जास्त कुठे काही लिहायचे नाही हे कळते. तबल्यातही तेच कठीण.’

अक्कांचे मत शेवटचे होते. ‘ही वरच्या मजल्यावर राहते. रात्री दिवा चालू असतो. मी खालून बघते.’ एवढेच. माझ्याविषयी त्यात एक शब्द नव्हता.

मित्रांनो, गुरुवारी हे सगळे माझ्यातूनच गेले होते. दुसऱ्यांना घागर न भरणारे म्हणून हसणारी मी, बारा घागरी भरून समोर ठेवल्या तर त्यांचे फक्त काठ मोजत बसले. साडेतीन वर्षांत माझ्यावर बावन्न मते आली. मला मन लावून वापरून दिलेली होती ती एवढीच, आणि माझा तिरस्कार त्यांच्याच वाट्याला सर्वांत जास्त आला. ह्याची लाज मला वाटते. त्या चाळिसांविषयी मात्र माझे मत आहे तेच आहे.

“आता बदलता येतं काय ते?” अक्कांनी विचारले.

येत होते. ज्याने दिले त्याने आपल्या फोनवरचे सहा आकडे टाकून पुन्हा दाबायचे. बाराच्या बारा पाच झाल्या तर आकडा तीनच्या वर जात होता. मी तो मुग्धाच्या आधी काढला होता. पण दहाजणी देवळात पोचल्या होत्या, जागा धरून बसल्या होत्या, आणि फोन पिशवीत बंद. घड्याळात चार वाजत आले होते.

“मी जाऊन उठवून आणते सगळ्यांना,” अक्का म्हणाल्या. “सहाच्या आत. चूक माझी आहे.”

ह्या बाईला मी साडेतीन वर्षे ओळखते. कथा चालू असताना ती पाणी प्यायलाही उठत नाही. घरी चोर शिरला असता तरी उत्तररंग ऐकूनच आली असती. आणि आप्पाजी पुन्हा बंगळुरात येतील असे त्यांच्या नातवालाही वाटत नव्हते. अक्कांनी पदर खोचला. 

मी काय म्हणत होते सांगू? आण, उठवून आण, म्हणत होते. जगायचे कुणाला नको असते?

बाहेर कृष्णमूर्तींचा ऑटो येऊन थांबला होता. त्यांनी बाहेरूनच हाक मारली, की कथा आपल्यासाठी थांबणार नाही, स्वल्प लवकर.

मुग्धा अजून त्या पानाकडेच बघत होती. “आप्पाजींची कथा अर्धी सोडून बारा लोक चांदण्या दाबायला येणार,” ती म्हणाली, “आणि मी ते करायला लावणार. नको अक्का. तेवढ्यासाठी नव्हती केली मी ही.”

“पान जाईल की ग.”

“जाऊ दे. पान दुकानाचं आहे.” मग म्हणाली, “ऑटोत तिसऱ्याला जागा होईल का? मी कधी ऐकलीच नाहीये हरिकथा. नुसत्या नोटिसा आणून देते तुम्हाला.”

 अक्कांनी तिला सांगितले, की जीन्सवर चालते, पण केस विंचरून ये.

मुग्धा वर गेली. माझा अर्धा जीव वर आहे हे मी सांगितलेच. ती त्या जुन्या संगणकापाशी येऊन उभी राहिली. पंख्याच्या घरघरीवरून मला तिचे उभे राहणे कळले. सोमवारचे काम आजच उरकून टाकावे असे तिच्या मनात आले असेल का? मला माहीत नाही. तिने त्याच्यावरची धूळ हाताने पुसली. बटणाला हात लावला नाही. कंगवा शोधला, दिवा घालवला आणि खाली धावली.

दार लागले. ऑटो गेला. घरात कोणी उरले नाही.

साडेचारला तिकडे कथा सुरू झाली असेल. पाचला मी माझ्या एकोणीस दारी जाऊन आले. विशेष नवे काही नव्हते. सहाला दुकानाने माझे पान काढले. माझ्या अंगात काहीही दुखले नाही. बावन्न मते एकदम गेली. अभिराजचे चाळीस सेकंद गेले, होसकोट्याची रिकामी घागर गेली, त्या बाईंचे गोड चिन्ह गेले, आणि अक्कांच्या तीन ओळीही गेल्या. मी सहाच्या फेरीला निघाले. परत आले तेव्हा पडद्यासमोरची खुर्ची तशीच रिकामी, तिरकी, मुग्धाने सरकवून ठेवली तशी. यादीत वरच्या ओळीपुढचा चौकोन कोरा होता. टिचकी मारायला घरात माणूस नव्हते, कारण सगळी माणसे तेच काम करायला गेली होती. साडेतीन वर्षांत मला इतके कृतार्थ कधी वाटले नव्हते.

आता मी दुकानात नाही. मला हवी असलेली माणसे जयनगरला येऊन घेऊन जातात, नाहीतर मुग्धा त्यांच्याकडे जाऊन बसवून देते. सध्या चौतीस घरी आहे. संध्याकाळी सहा ते सात मी वाजत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातात चांदण्या येतील. रिक्षावाल्याला द्या म्हणतील, डॉक्टरला द्या म्हणतील, मास्तरला द्या म्हणतील. वस्तू न उघडता द्याल तर मी तुम्हाला काय समजेन ते एव्हाना तुम्हाला कळलेच आहे. वस्तू आधी वापरा, पुसून जागेवर ठेवा, तिच्या जिवावर कुठेतरी जाऊन या. मग जिने ती घडवली ती कुठे राहते ते शोधा आणि काय आवडले, काय टोचले, ते तिला तोंडाने सांगा. फार लांब नसते. बहुतेक वेळा एकच जिना चढायचा असतो.